कुणाच्या तरी घरच्या भिंती

सगळ्यात आधी माझी नजर गेली ती पिंजऱ्याकडे. चारही भिंतींवर बाग रंगवलेली, डाळिंबं लगडलेली, फांदीफांदीवर पाखरं. आणि एवढ्या मोकळ्या पाखरांच्या मधोमध, संगमरवरी कठड्यावर, एक इवलासा पिंजरा. आत एक पक्षी. बाग रंगवणाऱ्याला हा पिंजरा इथे का ठेवावासा वाटला असेल, ह्याचा विचार करत मी इतका वेळ उभी राहिले की माझी मावसबहीण दोनदा पुढच्या दालनात जाऊन परत आली.

"ताई, चल ना गं. खाली अजून पुतळे बघायचेत."

"तू हो पुढे. मी येते."

मी काही लवकर गेले नाही.

रोमच्या मोठ्या रेल्वे स्टेशनजवळच पलाझ्झो मास्सिमो नावाचं संग्रहालय आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर ही खोली आहे. मूळची ती तिथली नव्हे. रोमच्या उत्तरेला प्रिमा पोर्ता म्हणून जागा आहे, तिथे सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया हिचा शेतावरचा वाडा होता. १८६३ साली तिथे खणताना ही खोली सापडली. ऑगस्टसचा तो उजवा हात उंचावलेला प्रसिद्ध पुतळाही त्याच वर्षी त्याच जागी मिळाला. पुढे १९५१-५२ मध्ये चित्रं भिंतीवरून अलगद सोडवून शहरात आणली. ती रंगवली गेली साधारण इ.स.पू. ३० ते २० च्या सुमाराला. वाड्याची एक दंतकथाही आहे. एका गरुडाने लिव्हियाच्या मांडीवर पांढरी कोंबडी टाकली, तिच्या चोचीत लॉरेलची डहाळी होती. डहाळी लावली, तिचं बन झालं, आणि सम्राटांचे विजयाचे मुकुट त्या बनाच्या पानांचे होऊ लागले. म्हणून त्या वाड्याला पांढऱ्या कोंबड्यांचा वाडा म्हणत.

खोली अर्धी जमिनीत होती. लांबीला बारा मीटरच्या आत, रुंदीला सहा. भर उन्हाळ्यात गारव्याला बसून जेवायची जागा असावी असं मानतात. आता विचार करा, बाहेर ऊन रणरणतंय, आपण पायऱ्या उतरून तळघरात आलोय, आणि तिथे भिंतच नाही. सगळ्यात अलीकडे वेताचं बुटकं कुंपण. मग हिरवळीची वाट. मग नक्षीदार कठडा, त्याला मध्येमध्ये कोनाडे काढून त्यात एकेक मोठं झाड उभं केलेलं. आणि त्यामागे सगळी दाटी: कण्हेर, डाळिंब, गुलाब, क्विन्सची पिवळीधमक फळं, ओक, सायप्रस. जवळची पानं एकेक मोजून घ्यावीत अशी. मागची झाडं मात्र धूसर होत होत निळसर हवेत विरून गेलेली. खांब नाहीत, चौकट नाही. खोलीचा कोपरा येतो आणि बाग त्याला विचारतही नाही, सरळ वळून पुढे जाते. वसंतातली फुलं आणि शरदातली फळं एकाच वेळी एकाच फांदीशेजारी. पानं किंचित एका अंगाला कललेली, वारा आहे म्हणून. माणूस एकही नाही.

कण्हेर आणि डाळिंब ही आमच्या आजोळच्या परसातली झाडं. आजोळ भोकरदनकडचं, जालना जिल्ह्यातलं. माळवदाचं घर, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. दसऱ्याच्या आधी आजी आणि मामी सगळं घर पोतारून काढायच्या. पांढरी माती आदल्या रात्री भिजत घालायची, सकाळी फडक्याचा बोळा बुडवायचा आणि वरून खाली हात मारत यायचं. चुलीमागची वर्षभर धुराने काळी झालेली भिंत दुपारपर्यंत पांढरी व्हायची. मग दाराच्या चौकटीला गेरूचा पट्टा, आणि त्यावर आजी बोटाने पांढरे ठिपके द्यायची. तिला कुणी चित्रकार म्हटलं असतं तर ती हसली असती. पण ठिपका चुकला तर मात्र पुसून पुन्हा द्यायची. संध्याकाळी कंदील लावला की ते ठिपके दिसायचे, आणि एकदा मी कांजिण्यांनी पडून होते तेव्हा पंधरा दिवस मी दुसरं काही पाहिलंच नाही. आजही डोळे मिटून मोजू शकते. डावीकडे सत्तावीस, उजवीकडे सव्वीस.

रोमन घरांतली चित्रं मला एवढी का धरून ठेवतात, ह्याचं उत्तर मला त्या ठिपक्यांपाशी सापडतं. ती कुणाच्या तरी निजायच्या, जेवायच्या, आल्यागेल्याला बसवायच्या खोल्यांच्या भिंती आहेत. त्यांच्याकडे कुणी तिकीट काढून दोन मिनिटं बघायला आलं नव्हतं. कुणी ताप आला म्हणून पडून राहिलं असेल, कुणी सासरी आल्यावर पहिल्या रात्री जागी राहून त्या बघितल्या असतील, कुणा पोराने कठड्यावरची पाखरं मोजली असतील. रोज दिसणारी गोष्ट किती वर्षं पुरली पाहिजे, ह्याची जाण त्या चित्रकारांना होती. म्हणूनच पिंजरा. पहिल्या दिवशी तो दिसतही नसेल. महिन्याने दिसत असेल.

ही चित्रं एवढी टिकली ती चुन्यामुळे. आमच्या गावच्या गढीच्या पायथ्याशी चुन्याच्या घाणीचा गोल चर अजून आहे. दगडी चाक बाजूला आडवं पडलेलं. बैल जुंपून त्यात चुना मळायचे. लहानपणी आम्हाला ती फक्त लपाछपीची जागा. चुना काय करतो हे मला कळलं ते फार नंतर, रोमन भिंतींबद्दल वाचताना. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो. पाणी घातलं की तो फसफसून विरतो. वाळूत मळून भिंतीला दिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. गिलावा ओला असतानाच त्यावर रंग लावला तर रंगाचे कण त्या नव्या चुनखडीच्या पापुद्र्यात धरले जातात, भिंतीच्या अंगात मुरतात. व्हिट्रुव्हियस हा ऑगस्टसच्या काळातला वास्तुविशारद. तो सांगतो की आधी खरबरीत हात द्यावा, त्यावर वाळूच्या गिलाव्याचे तीन थर, त्यावर संगमरवराच्या भुकटीचे तीन, आणि मग घोटत राहावं, इतकं की बघणाऱ्याचं प्रतिबिंब पडावं. पॉम्पेई ह्या पुढे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहरातल्या घरांत एवढे थर क्वचितच सापडतात. मालकाची ऐपत बघून काम व्हायचं.

अजिंठ्याची तऱ्हा वेगळी. आजोळाहून अजिंठा जवळ, त्यामुळे ती चित्रं मी लहानपणापासून पाहिलेली. तिथे माती-भुश्याचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर रंग. तिथल्या चित्रकाराला थांबायला, मागे सरून बघायला सवड होती. रोमन चित्रकाराची घाई असायची. चुना सुकायच्या आत हात आवरायला हवा. म्हणून सगळी भिंत एकदम लिंपायची नाही. वरून सुरुवात, आणि एका बैठकीत जेवढं रंगवून होईल तेवढाच ओला पट्टा. पॉम्पेईत एखाद्या घरात तिरका उजेड भिंतीवर पडला की ह्या पट्ट्यांची शिवण दिसते. आणखी जवळ गेलं, पहारेकऱ्याने हटकेपर्यंत जवळ गेलं, तर सूत मारल्याची खूण दिसते. दोरी ताणून ओल्या चुन्यावर दाबलेली. तिच्या पिळाचे बारीक तिरके ठसे अजून तसेच. वर्तुळाच्या मध्यावर कंपासच्या टोकाचं भोक. मी लहान असताना मामा सुताराला मदत म्हणून मला सुताचं एक टोक धरायला लावायचा. "ढिल्लं सोडू नको, रेघ पोटात जाईल." त्या भिंतीवरची रेघ कुठेही पोटात गेलेली नव्हती. दुसरं टोक धरणाऱ्याने नीट धरलं होतं.

रंग कुठून यायचे तेही ऐकण्यासारखं आहे. गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी हे बहुतेक जवळपासचं. निळा मात्र तयार करायला लागायचा: वाळू, तांबं आणि क्षार भट्टीत एकत्र भाजून. ही मूळची मिसरची विद्या. व्हेस्टोरियस नावाच्या माणसाने ती पुतेओलीला, म्हणजे नेपल्सजवळच्या आजच्या पोझ्झुओलीला आणली, असं व्हिट्रुव्हियस लिहितो. नीळ आपल्याकडून जायची. प्लिनी ह्या पहिल्या शतकातल्या रोमन लेखकाने तिचं नावच भारतावरून दिलंय. आणि सगळ्यात मानाचा लाल म्हणजे हिंगूळ, स्पेनच्या खाणीतला. त्याचा भाव इतका चढायचा की कायद्याने पौंडाला ७० सेस्टर्स ह्या रोमन नाण्यांची मर्यादा घातली होती. असले महागडे रंग घरमालकानेच आणून द्यायचे. प्लिनी सांगतो की चित्रकार कुंचला पुन्हा पुन्हा धुवायचे, म्हणजे हिंगूळ पाण्याच्या तळाशी बसायचा आणि नंतर तो आपल्या घरी नेता यायचा. बरं, एवढा महाग रंग उन्हात टिकत नाही, काळवंडतो. फॅबेरियस नावाच्या लेखनिकाने हौसेने आपल्या अंगणाभोवतीच्या भिंती हिंगुळाने रंगवून घेतल्या आणि तीस दिवसांत त्यावर डाग पडले. त्याला पुन्हा दुसऱ्या रंगाचा ठेका द्यावा लागला. दोन हजार वर्षांपूर्वीची ही हळहळ व्हिट्रुव्हियसने नावानिशी नोंदवून ठेवलीये, आणि ती वाचताना मला त्या फॅबेरियसचं फार वाईट वाटतं.

ज्याला आज सगळं जग पॉम्पेईचा लाल म्हणतं, तोसुद्धा सगळा मुळातला लाल नव्हे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा त्या उष्णतेने काही भिंतींवरची पिवडी भाजली आणि लाल झाली. काही ठिकाणी एकाच भिंतीवर पिवळा आणि लाल ह्यांची सरमिसळ दिसते. तिथे रंग पालटताना थांबलाय.

पॉम्पेईला आम्ही दोन दिवस होतो. रहस्यांचा म्हणून जो वाडा आहे, १९०९ मध्ये सापडलेला, त्याच्या त्या लालभडक खोलीपुढे सगळ्यात जास्त गर्दी असते. माणसाएवढ्या आकृती, एक स्त्री घाबरून ओढणी डोक्यामागे उडवतेय, नक्की कसला विधी चाललाय ह्यावर शंभर वर्षं वाद. भव्य आहे, खरंच. पण त्या खोलीत कुणी उशीला उशी लावून गप्पा मारत बसलंय असं काही मला डोळ्यांपुढे आणता येईना. मी लवकर बाहेर पडले.

मला जास्त वेळ लागला तो छोट्या गोष्टींपाशी, आणि त्यातली सगळ्यात लाडकी पॉम्पेईतही नाही. पॉम्पेईबरोबरच गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम गावातल्या हरणांच्या घरातलं ते चित्र आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. एका फळीवर पीचची फांदी ठेवलेली, फळं अजून हिरवी. एकाचा तुकडा काढलाय, आतली कोय दिसते. शेजारी काचेचं एक भांडं, अर्धं पाण्याने भरलेलं. बस, एवढंच. पण ते पाणी! काचेतून उजेड आत शिरतो, पाण्याच्या पातळीशी थबकतो, खाली तळाशी थोडा उजळ होतो. दोन-चार पांढऱ्या फटकाऱ्यांत केलेलं काम. जवळून ते नुसते फटकारे. दोन पावलं मागे आलं की तहान लागते. असल्या चित्रांना ते झेनिया म्हणत. व्हिट्रुव्हियसने त्याचं कारण दिलंय. जुन्या काळी श्रीमंत ग्रीक लोक पाहुण्याला पहिल्या दिवशी जेवायला बोलवत आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खोलीवर कोंबड्या, अंडी, भाजी, फळं पाठवून देत. म्हणजे त्याला आपल्या घरी असल्यासारखं आपलं आपण रांधून खाता यावं. ह्या पाठवलेल्या जिनसांची चित्रं म्हणजे झेनिया. आपल्याकडे ह्याला एकच शब्द आहे: शिधा. भिंतीवर शिधा मांडून ठेवायचा. येणाऱ्याने खोलीत पाऊल टाकलं की भिंतच म्हणते, बसा, तुमचं आहे.

त्याच संग्रहालयात पॉम्पेईजवळच्या स्टाबियेहून आणलेली फ्लोरा आहे, फुलांची रोमन देवी. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, पोस्टरांवर पाहून पाहून मला वाटलं होतं की ती निदान पुरुषभर उंच असेल. प्रत्यक्षात चित्र जेमतेम ३८ सेंटिमीटरचं. हिरव्या पार्श्वभूमीवर एक बाई आपल्याकडे पाठ करून चाललीये. पायांत चप्पल नाही. डाव्या हातात फुलांनी भरलेली परडी, आणि उजवा हात चालता चालता एका झुडपाकडे गेलाय, एक फूल खुडायला. थांबलेली नाही ती. बोटांची दोन टोकं फक्त. चेहरा दिसत नाही, गालाची कड तेवढी. देवपूजेला फुलं तोडायला पहाटे परसात गेलेली कुठलीही बाई पाठीमागून अशीच दिसते. एका निजायच्या खोलीच्या भिंतीवर ती होती. १७५९ साली तिला कापून काढलं.

ह्या कापण्याबद्दल मला बोलायचंच आहे. हर्क्युलेनियमची खोदाई १७३८ मध्ये सुरू झाली, पॉम्पेईची १७४८ मध्ये. नेपल्सच्या राजाला संग्रहासाठी नमुने हवे होते. खोदणारे भिंतीतली चांगली वाटतील ती चित्रं चौकोनात कापून घ्यायचे आणि बाकीची भिंत सोडून द्यायचे. सुरुवातीच्या काळात तर नको असलेली चित्रं फोडूनही टाकली. त्यामुळे आज पॉम्पेईत फिरताना भिंतीच्या मधोमध चौकोनी भगदाड दिसतं, आत नुसता दगड. आणि नेपल्सला गेलं की त्या भगदाडातला तुकडा सोनेरी चौकटीत टांगलेला. तो जपला गेला हे मला मान्य आहे, उघड्यावर राहिलेल्या कितीतरी भिंतींचे रंग उडून गेले. तरी त्रास होतो. कारण ते चित्र त्या लाल भिंतीच्या, त्या काळ्या पट्ट्याच्या, खालच्या पायथ्यावरच्या रोपट्यांच्या संगतीत होतं. त्याच्या समोर कुठला तरी दरवाजा होता, दरवाज्यातून अंगण दिसत होतं. फ्लोरा कुठल्या भिंतीकडे चालली होती?

नेपल्सच्या त्याच संग्रहालयात मला आमच्या गावाकडचं कुणीतरी भेटलं. हस्तिदंताची वीतभराहून थोडी उंच स्त्रीमूर्ती. अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात ती मिळाली. तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात, जरी ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असं पुष्कळांचं मत आहे. आणि अगदी तिच्या वळणाच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्यात त्या तेरला आणि भोकरदनला. भोकरदन, म्हणजे जुनं भोगवर्धन, सातवाहनांच्या काळातलं व्यापाराचं गाव. ती तिकडचीच असावी असं काही अभ्यासक मानतात. बहिणीने माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघी केळणा नदीत पाय बुडवून बसलेल्या पोरी, आणि ही बाई त्याच काठावरून निघून बैलगाडीने बंदरावर, तिथून समुद्र ओलांडून अशा एका घरात पोहोचली असेल, जिथे भिंतींवर रंग होते. कुणीतरी तिला हातात घेऊन दिव्यापाशी धरून पाहिलं असेल. मग राख पडली.

दिव्यावरून आठवलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये पॉम्पेईत एक मोठं जेवणघर उजेडात आलं, साधारण पंधरा मीटर लांब, सहा रुंद. भिंती काळ्याभोर. त्यावर ग्रीक पुराणकथांतले हेलन आणि पॅरिस, कसांड्रा आणि अपोलो. मी ते फोटोतच पाहिलंय. काळा रंग का, तर तेलाच्या दिव्यांची काजळी दिसू नये. किती घरगुती कारण! आणि त्याच कारणातून काय देखणेपण आलं. रात्री पंगत बसलीये, दिव्याच्या ज्योती हलतायत, काळोखातून एकेक अंग पुढे येतं आणि मागे जातं. दोन पेले झाल्यावर हेलनने मान वळवली असं कुणालाही वाटावं. संग्रहालयातल्या स्थिर पांढऱ्या उजेडात ही चित्रं अर्धीच दिसतात, असं माझं ठाम मत झालंय.

पण दिवा लावायचं कोण? तेल घालायचं कोण, रात्री उशिरा पाहुणे गेल्यावर ती काळी भिंत पुसायचं कोण? ह्या घरांत गुलाम होते, आणि ते ह्या बागांमधून, देवादिकांमधून परात घेऊन ये-जा करत होते. पॉम्पेईजवळ ओप्लोंतिसचा एक भला मोठा वाडा आहे, तिथल्या नोकरांच्या वाटांवर नुसते काळे-पांढरे तिरपे पट्टे मारलेत. चित्र संपून पट्टे सुरू झाले की कळावं, इथून पुढे मालकांचं घर नाही. हे एकदा कळल्यावर त्या सुंदर खोल्यांकडे मी पूर्वीसारखं बघू शकत नाही, आणि बघूही नये. पॉम्पेईतल्या व्हेत्तींच्या घरात तर हे सगळं एकाच छताखाली येतं. औलुस व्हेत्तियस कॉन्व्हिव्हा आणि औलुस व्हेत्तियस रेस्तितुतुस ही त्या घराच्या मालकांची नावं. दोघे बहुधा स्वतः गुलामगिरीतून सुटलेले, पुढे पैसेवाले झालेले. हे घर वीसएक वर्षांच्या कामानंतर २०२३ मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडलं. तिथल्या एका दालनात कंबरेच्या वर, काळ्या पट्टीवर, इवलीशी पंखवाली मुलं कामं करतायत. सोनार भट्टी फुंकतोय. अत्तरवाले तेल घोटतायत. कापड धुणारे, फुलांचे हार करणारे, दारू विकणारे. पुराणातली मोठमोठी चित्रं त्याच घरात आहेत, शिक्षा भोगणारे, फाडले जाणारे राजे आहेत. माझा मात्र पाय निघेना तो ह्या पट्टीपुढून. आयुष्यभर कामाच्या रगाड्यात राहिलेल्या माणसांनी आपल्या सजवलेल्या दालनात काम रंगवून घेतलं, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

आणि ज्यांनी रंगवलं ते? नावं जवळजवळ नाहीतच. प्लिनी एक नाव देतो, स्टुडियस. ऑगस्टसच्या काळात ह्याने भिंतींवर बागा, टेकड्या, नद्या, बंदरं रंगवायची नवी टूम काढली. गाढवावर बसून चाललेली माणसं, मासे धरणारे, आणि चिखलातून बायकांना खांद्यावर घेऊन लटपटत जाणारे पुरुष. वर प्लिनी म्हणतो, आणि हे सगळं अगदी थोड्या खर्चात. एरवी त्याच्या लेखी खरा मान फळीवर चित्रं काढणाऱ्यांचा. भिंत काय, आग लागली तर उचलून नेता येत नाही. स्वतः प्लिनी व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात स्टाबियेला वारला. भिंती राहिल्या. पुढे इ.स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने मजुरीचे दर ठरवून दिले, त्यात भिंत रंगवणाऱ्याला दिवसाला ७५ दिनार, आकृती काढणाऱ्याला १५०, दोघांनाही वर जेवण. गवंड्याला ५०. पॉम्पेईच्या ऑक्टेव्हियस क्वार्तियोच्या घरात मात्र, बाहेर बागेत जेवायला बसायच्या जागी, चित्राखाली दोन शब्द लिहिलेले आहेत: लुशियसने रंगवलं. वडिलांचं नाव नाही, गाव नाही. चित्रं काही फार उच्च नाहीत, हेही खरं. तरी मी ते दोन शब्द तीनदा वाचले.

शेवटच्या दुपारी आम्ही पॉम्पेईतल्या त्या घराकडे गेलो, ज्याला आता काम करणाऱ्या चित्रकारांचं घर म्हणतात. २०२४ पासून तो भाग लोखंडी पुलांवरून चालत वरून बघता येतो. ज्वालामुखी फुटला तेव्हा इथल्या मोठ्या दालनात काम चालू होतं. भिंतीचा वरचा भाग पुरा झालेला. मधले पट्टे बरेचसे भरलेले. पायथ्याला अजून हातही लावलेला नाही. आणि भिंतीच्या ऐन मधल्या चौकटीत, जिथे मुख्य चित्र यायचं, तिथे पिवडीने काढलेली नुसती कच्ची रेखाटणी. रंगाच्या वाट्या, कंपास, चुना, सगळं तिथेच सापडलं. कामाची वाटणीही त्या भिंतीवरून ओळखता येते: एकजण सपाट रंग देणारा, एकजण नक्षीचा, आणि मधल्या चित्राचा वेगळा, बहुधा त्यांच्यातला वडीलधारा.

"काय काढणार होते गं ते?" बहिणीने विचारलं.

मला सांगता येईना. पिवळ्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या, एक पुसट, एक ठळक. हात अजून ठरवत होता.

त्यातला एखादा तरी वाचला असेल, असं मी धरून चालते. रस्त्याने उत्तरेकडे चालत गेला असेल, नखांत चुना तसाच. वर्ष-सहा महिन्यांनी दुसऱ्या कुठल्या गावात, कुणाच्या तरी जेवणघरात, ओल्या गिलाव्यासमोर उभा राहिला असेल. सुताचं एक टोक भिंतीला धरून त्याने घरातल्या एखाद्या पोराला हाक मारली असेल, ये, हे दुसरं टोक धर, ढिल्लं सोडू नको.